डावा डोळा

पन्नाशी उलटल्यावर बंदूक हातात घेतली म्हणून घरात बरीच चेष्टा झाली. घेतली तीही मातीच्या तबकड्या फोडायला. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या रेंजवर जायचं, पंचवीस काडतुसं उडवायची, सात-आठ तबकड्या फुटल्या तर खुशीत मिसळ खाऊन घरी यायचं. वहीच्या पुढच्या पानांवर गुण लिहिलेत. ते कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. ही मागची पानं.

*

आम्हाला शिकवणारे निवृत्त सुभेदार आहेत. पहिल्या दिवशी बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि डावा डोळा गच्च मिटला. सिनेमात सगळे मिटतात तसा. सुभेदार म्हणाले, "ताई, तबकडीला डोळा मारायचा नाही."

मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. चाळीसएक वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या आजोळी, खळ्यात, मामाची रिकामी दुनळी मी अशीच धरली होती. मामा सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "डोळो कित्याक मिटतंस गो? सुयेत दोरो ओवतंस काय?"

कोकणातला शेतकरी आणि फौजेतला सुभेदार, दोघांची कधी गाठ पडलेली नाही. शिकवण एकच.

*

मामाची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बंदुका घरोघर नसल्या तरी वाडीवाडीत असत, काही तर अजून ठासणीच्या. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि दस्त्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी मिरवत परत यायची. मामी म्हणायची, सवत माहेरपण करून आली.

इथेच एक गोष्ट लिहून ठेवते. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदुकीचा असतो, डुकराचा नसतो. मामाच्या रात्री या कायद्यात कितपत बसत होत्या ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला तो नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात डुक्कर मेलेलं नाही, एवढं सांगते.

*

सुभेदारांची परीक्षा. पाच पावलांवर उभे राहिले आणि म्हणाले, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर बोट रोखा. मी रोखलं. "डाव्या डोळ्याच्या खाली आलं बोट," म्हणाले, "तुमचा मालक डावा डोळा आहे."

हाताला जसा उजवा-डावा, तसा डोळ्यालाही. दोन्ही उघडे असले तरी रोखताना मेंदू एकाचंच ऐकतो. जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या इटालियनानं 1593मध्येच हे लिहून ठेवलं होतं. साधारण तीनांतल्या दोघांचा मालक उजवा असतो. माझ्यासारखे, म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा, ते अडचणीत. बंदूक उजव्या खांद्यावर आणि रोखणारा डोळा पलीकडे. बार डावीकडे जातो. दोन्ही डोळे उघडे ठेवा हा उपदेश अशा माणसाला नुसता देऊन भागत नाही. आधी मालक कोण ते बघायला हवं.

उपाय दोन. एकतर सगळं डाव्या खांद्यावर शिका. लहान मुलांना तेच शिकवतात. नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळासमोर नेमका येईल असा, नाण्याएवढा चिकटपट्टीचा तुकडा लावा. डोळा उघडाच राहतो, कडेचं सगळं दिसतं, फक्त मधोमधचा रोख झाकला जातो आणि उजवा डोळा कारभार हातात घेतो.

चिकटपट्टी कुणाकडेच नव्हती. मी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं. मोठी, मरून रंगाची. सुभेदारांनी ती काचेवर सरकवत सरकवत जागेवर आणली आणि गंभीरपणे म्हणाले, फौजेत हे सामान मिळत नाही.

*

बायकांचा डावा डोळा लवला तर शुभ म्हणतात. माझा आता रविवारी टिकली लावून बसतो.

*

एक डोळा मिटला की काय काय जातं, याचा हिशेब.

दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं जवळपास 200 अंश दिसतं. म्हणजे नाकासमोर बघत असताना दोन्ही कानांच्या रेषेपर्यंत आणि किंचित मागेही. एका डोळ्याला साधारण 150-160. मधे आपलंच नाक आडवं येतं. डावा मिटला की डावीकडची कडेची फाक सरळ नाहीशी होते. तिथे काळं दिसत नाही, म्हणून ती गेल्याचं कळतही नाही.

संधिप्रकाशात, फिकट पाटीवर फिकट खडूनं लिहावं तसलं काही ओळखायचं असेल, तर दोन डोळे मिळून एकट्या डोळ्याच्या साधारण 1.4 पट कामाचे ठरतात. शिकारीची वेळ कोणती? पहाट आणि तिन्हीसांजा. नेमकी त्याच वेळी अर्धी भांडवलविक्री.

शिवाय एक डोळा मिटला की उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. दोन्ही बाहुल्या एकाच दोरीला बांधलेल्या. गच्च मिटला तर उघड्याची पापणीही थरथरते. अर्धा मिनिट आरशासमोर करून बघितलं. कपाळाला आठ्या, तोंड वाकडं, दात बाहेर. या चेहऱ्यानं माणूस शांतपणे विचार करत असेल, हे मला तरी पटलं नाही.

*

हे मात्र प्रत्येकानं घरी करून बघावं. टेबलावर दोन नाणी ठेवा, एकमेकांपासून 11 सेंटिमीटरवर. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्यानं फक्त डावीकडचं नाणं बघत, डोकं साधारण 40 सेंटिमीटरवर आणा, थोडं पुढेमागे करा. एका जागी उजवीकडचं नाणं गायब होतं.

डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा आंधळा ठिपका सतराव्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारिऑतनं शोधला. नजर जिथे रोखली आहे त्याच्या बाहेरच्या बाजूला 15 अंशांवर, रुंदी साधारण 5 अंश. ऐकायला किरकोळ. मी कागदावर मांडून बघितलं. तीस मीटरवर 5 अंश म्हणजे अडीच मीटरहून जास्त, उंची त्याहूनही अधिक. नेमाच्या उजवीकडे आठ मीटरवर उभा असलेला अख्खा माणूस त्यात मावतो, डोक्यावरच्या भाऱ्यासकट.

तिथे भोक का दिसत नाही? कारण मेंदू शिवणकाम करतो. आजूबाजूला टेबलाचा सनमायका असेल तर नाण्याच्या जागी सनमायका भरतो. आजूबाजूला करवंदाची जाळी असेल तर करवंदाची जाळी.

दोन्ही डोळे उघडे असले की एकाचा ठिपका दुसरा झाकतो. यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, नुसतं मिटायचं नाही.

*

बाजारातल्या घड्याळजींकडे सेल बदलायला गेले होते. एका डोळ्यात भिंग अडकवलेलं, दुसरा डोळा टक्क उघडा. विचारलं, दुसरा मिटत का नाही? म्हणाले, "दिवसभर मिटून बसलो तर संध्याकाळी डोकं फुटेल. आणि दुकानात कोण आलं ते कसं कळणार?"

कॉलेजात जीवशास्त्राच्या बाईही सूक्ष्मदर्शकाशी हेच सांगायच्या. आम्ही हातानं डोळा झाकायचो.

*

अर्जुनाला पोपटाचा डोळाच फक्त दिसला. (महाभारतात तो पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे आणि तोही कारागिरांकडून करवून घेतलेला, खोटा. पोपट आपल्या बालभारतीच्या पिढ्यांनी केला.) शाळेत या गोष्टीवर निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. एकाग्रता वगैरे.

आता वाटतं, बिचाऱ्या युधिष्ठिराचं उत्तर पुन्हा वाचावं. द्रोणांनी विचारलं, काय दिसतं? तो म्हणाला, झाड दिसतं, पक्षी दिसतो, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. गुरुजींनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. स्पर्धेच्या दृष्टीनं ठीकच. पण रानात हाका असेल, पलीकडच्या झुडपात आपलीच माणसं असतील आणि माझ्या शेजारच्या बैठकीवर कुणाला बसवायचं हे मला ठरवायचं असेल, तर मी धर्मराजाला बसवीन. अर्जुनाला झाड दिसत नव्हतं. झाडामागे कोण आहे हा प्रश्न त्याच्यासाठी उरलाच नव्हता.

*

अर्जुनाची जागा रेंजवर. तिथे त्याचंच खरं. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलेला आपला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवा, किंवा त्याच्या शेजारची कुठलीही रांग. न रोखणाऱ्या डोळ्यासमोर एक लहानशी पट्टी असते. नियमानं 30 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा त्या पट्टीमागे उघडाच. मिटण्याचा ताण नको, म्हणून. बाहेरचं दिसण्याची गरज नसते, कारण ते बघायला दुसरी माणसं नेमलेली असतात. झेंडा, शिट्टी, पंच, मागे मातीची भिंत. लक्ष्यापुढून गाय जाणार नाही याची हमी.

रानात ही सगळी खाती एकाच माणसाकडे.

*

शिस्त. फौजी हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. शब्द फारसीतून आलेला. सुभेदार मराठी बोलतानाही मधेच "शिस्त घ्या" म्हणतात आणि नवीन मुलं पाठ ताठ करून उभी राहतात.

*

"दोन नळ्या दिसतील, घाबरायचं नाही." दिसल्या. लांबच्या तबकडीकडे बघत असताना जवळची नळी दुहेरी आणि धूसर दिसते. अंगठा समोर धरून पलीकडच्या भिंतीकडे बघा, अंगठे दोन होतात, तसंच. रायफलीनं नेम धरतात, छऱ्याच्या बंदुकीनं नुसतं बोट दाखवतात. नळीच्या टोकाच्या पितळी मण्याकडे बघितलंत की हात थांबतो आणि तबकडी पुढे निघून जाते. 110 मिलिमीटरची तबकडी, वजन 105 ग्रॅम, सुटताना हायवेवरच्या गाडीपेक्षा वेगात. तिचा वेग आणि अंतर जोखायला मेंदूला दोन चित्रं लागतात. एकाच डोळ्यानं तिचा पाठलाग करणं म्हणजे एका हातानं मोटेचा नाडा सोडवणं.

काही पट्टीचे नेमबाज अगदी शेवटच्या क्षणी एक डोळा अर्धवट मिटतात. सुभेदारांना ते चालतं. त्यांचा राग आहे तो आधीपासून मिटून बसणाऱ्यांवर. मलाही तसंच वाटतं. ओळख पटवायची, मागे काय आहे ते बघायचं, दोन्ही बाजू बघायच्या, हे सगळं उघड्या डोळ्यांनी झालं की पुढचा पाव सेकंद कसाही घालवा.

*

आता मामाची ती रात्र. मी तिथे नव्हते. मावसभाऊ, दादा, होता, त्याच्या हातात बॅटरी होती. मामानं स्वतः सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी, जेवताना, मधेच.

भात कापणीला आलेलं. डुकरं आठवडाभर लोळून गेलेली. एका रात्रीत कुणग्याची चटई करतात. आंब्यावर माळा बांधलेला, जमिनीपासून दीड पुरुष. मामा, दादा, एक घोंगडी, चहाची किटली. दुनळीत दोन एल.जी.ची काडतुसं, आत वाटाण्याएवढे छर्रे.

मामाचा एक नियम होता. बॅटरी नळीला बांधायची नाही. पुष्कळ जण बांधतात, हात मोकळा राहतो म्हणून. पण मग जे बघायचं असेल त्याच्यावर बंदूक रोखूनच बघावं लागतं. कुत्रं आहे का बघायचं, रोखा बंदूक. शेजाऱ्याची म्हैस सुटली का बघायचं, रोखा. मामाकडे बॅटरी नेहमी दुसऱ्याच्या हातात. (दुर्बीण लावलेल्या रायफलीबद्दल परदेशात हेच शिकवतात: तिच्यातून सावज शोधायचं नाही, शोधायला गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवायची.)

मध्यरात्रीनंतर समोर खसखस झाली. दादानं झोत टाकला. भातात काळा ढिगारा, हलणारा. डोळे चमकले नाहीत.

इथे थांबून मामा जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. "चमाकता ता डुकर न्हय, ह्या ध्यानात ठेव." गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, भेकर, बिबट्या, या सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक आरशासारखा थर असतो, म्हणून झोत पडला की हिरवे-पिवळे दिवे लागतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नाही. मामाला थर वगैरे ठाऊक नव्हतं, दिवे ठाऊक होते. दिवे लागले की बंदूक खाली. न लागले तर डुक्कर.

किंवा माणूस. माणसाच्या डोळ्यातही तो थर नाही. काळ्या घोंगडीत वाकून चाललेला माणूस आणि डुक्कर, दोघंही झोतात सारखेच अंधारे राहतात. हे कळलं तेव्हा माझ्या हातातला घास तसाच राहिला.

तर डुक्कर होतं, खरोखरच होतं. ते फिस्कारलं आणि डावीकडे सुटलं. मामाची नळी त्याच्याबरोबर डावीकडे फिरू लागली. चाप अर्धा दाबलेला, असं मामा म्हणाला. दादा म्हणतो, तसं नव्हतं, पण दादा डुकराकडे बघत होता. मामाच्या डाव्या डोळ्याच्या अगदी टोकाला, जिथे रूप दिसत नाही, नुसती हालचाल कळते, तिथे एक लाल ठिपका वरखाली झाला. बिडी.

शेजारच्या घरचा माणूस मेरेवरून येत होता. त्याचं वासरू चुकलं होतं. झोत डुकरावर, त्यामुळे तो पूर्ण अंधारात, आणि नळी आणखी हातभर फिरली असती की तो रेषेत.

मामानं नळी आभाळाकडे केली. बंदूक मधून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. डुक्कर मेर ओलांडून गेलं. तो माणूस आंब्याखाली आला, वर बघून म्हणाला, "गेलो मरे?" मामा म्हणाला, "गेलो."

त्या मोसमात मामा पुन्हा माळ्यावर गेला नाही. भाताचं काय झालं ते विचारायचं मला सुचलं नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "तेका ह्या कधी सांगू नको."

*

11 फेब्रुवारी 2006, टेक्सास. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लाव्यांच्या शिकारीला गेले होते. एक पक्षी उडाला, चेनी त्याच्या मागोमाग वळले, वळतच गेले, आणि बार त्यांच्याच सोबत्याला लागला. हॅरी व्हिटिंग्टन, वय 78, वकील. तोंडावर, मानेवर, छातीवर छर्रे. त्यांतल्या एकामुळे पुढे हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला. माणूस बचावला आणि आणखी सतरा वर्षं जगला.

व्हिटिंग्टन यांच्या अंगात नारिंगी जॅकेट होतं. चेनी नवखे नव्हते. दिवस मावळतीचा. बंदूक 28 बोअरची, म्हणजे मामाच्या बारा बोअरपेक्षा बारीक. (बोअरचा आकडा उलटा चालतो: एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील तितक्या बोअरची नळी, गोळ्या जास्त, नळी बारीक.) त्या वळण्यात चेनींचे किती डोळे उघडे होते ते कुणी नोंदलेलं नाही. नोंदून उपयोगही नव्हता, नजर पक्ष्याला चिकटली होती.

शिकारीच्या शाळांत प्रत्येकाला समोरचा एक त्रिकोण वाटून देतात, साधारण 45 अंशांचा. पक्षी त्यातून बाहेर गेला की तो तुमचा नाही. शेजाऱ्याचा, नाहीतर नशीबवान.

*

भाचा विस्कॉन्सिनमध्ये असतो. तिथे नोव्हेंबरअखेरीस बंदुकीनं हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम. तो शिकारीला जात नाही, पण त्या दिवसांत रानात फिरायला जाताना नारिंगी टोपी घालतो. शिकाऱ्यांना कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक नारिंगी घालणं कायद्यानं सक्तीचं. 2016पासून भडक गुलाबीही चालतो. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूंचे दोनच प्रकार, आपल्या डोळ्यांत तीन, त्यामुळे जो रंग आपल्याला किंचाळल्यासारखा वाटतो तो हरणाला मळकट दिसतो. निसर्गानं ठेवलेली ही फट कुणाच्या तरी बरोबर लक्षात आली.

त्याला चेनींची गोष्ट पाठवली. उत्तर आलं, "मावशी, मी घरीच बसतो."

*

1988, अमेरिकेचं मेन राज्य. घरामागच्या आवारात उभ्या असलेल्या एका तरुण आईला शिकाऱ्यानं हरीण समजून मारलं. तिच्या हातांत पांढरे हातमोजे होते. तिथल्या हरणाच्या शेपटीची खालची बाजू पांढरी असते आणि पळताना ती वर होते. शिकारी निर्दोष सुटला. त्यानंतर 1991मध्ये मेननं कायदा केला, की बार काढण्याआधी सावज पूर्ण ओळखणं ही शिकाऱ्याची जबाबदारी.

आपल्याकडे हे कायद्यात यायच्या कितीतरी आधी कथांत आलं. दशरथानं घागर बुडण्याचा आवाज ऐकला आणि बाण सोडला. त्याचे तर दोन्ही डोळे मिटलेले म्हणायचे. जरा व्याधाला पाऊल दिसलं, त्यानं हरणाचं तोंड बघितलं. एका बाणात एक कुळ शोकात, दुसऱ्यात अवतार संपला. या गोष्टी सांगताना आपण शाप आणि प्रारब्धाकडे वळतो. व्याधाला कुणी विचारत नाही, बाबा, पाऊल बघितलंस, बाकीचा देह का नाही बघितलास?

*

उघडे डोळेही फसवतात, हे लिहायला हवं, नाहीतर वहीच एका डोळ्यानं लिहिल्यासारखी होईल. 1999मध्ये सायमन्स आणि चाब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही माणसं चेंडू एकमेकांकडे टाकताहेत, पांढऱ्या कपड्यांतल्यांचे झेल मोजा. मधेच गोरिलाच्या वेशातलं माणूस येतं, छाती बडवतं, निघून जातं. साधारण निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे दोन्ही उघडे, चित्र समोर, झेलांची गणती अचूक.

मामाला बिडी दिसली यात डोळ्याचा वाटा किती आणि मामाचा किती, ते मला सांगता येणार नाही. डोळा मिटला असता तर ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता, एवढं खरं.

*

सिंगलपॉइंट नावाचं एक नेमयंत्र होतं. त्यातून आरपार दिसतच नसे. उजव्या डोळ्यासमोर बंद नळकांडं आणि आत एक लाल ठिपका. डावा डोळा उघडा ठेवून समोरचं बघायचं, दोन्ही चित्रं मेंदूत एकावर एक बसली की ठिपका सावजावर तरंगतो. डावा मिटला तर फक्त अंधार आणि ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सक्ती करणारं इतकं कडक यंत्र मला दुसरं माहीत नाही. नोव्हेंबर 1970मध्ये अमेरिकी सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या कैद्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला तेव्हा त्यांच्या रायफलींवर ते होतं. छापा चोख झाला. छावणी रिकामी होती, कैदी काही महिने आधीच हलवलेले.

*

शेळी चरताना मान खाली घालते, पण तिची आडवी बाहुली आडवीच राहते. डोळाच खोबणीत फिरतो. चरतानाही चहूकडचं क्षितिज नजरेत. सशाला तर जवळजवळ सगळीकडचं दिसतं. ज्यांना कुणीतरी खाणार आहे, त्यांचे डोळे बाजूला. जे खाणार आहेत, घुबड, वाघ, मांजर, त्यांचे पुढे.

आपलेही पुढेच.

*

आज तेवीस. पंचवीसपैकी. सुभेदारांनी वही मागितली, सही केली, तारीख घातली. टिकली घामानं निसटून गालावर आली होती, ते शेवटच्या तबकडीपर्यंत कळलंच नाही. तीही चुकली.

*

मामाच्या तेराव्याला आजोळी गेले. जेवणं उरकून माणसं खळ्यात पेडांवर बसली होती. बंदूक परवानाधारक दुकानात जमा केलेली, पुढचं काय ते दादा बघणार. दिवस बुडत आला होता.

शेजारचा तो माणूस आता ऐंशीच्या पुढचा. काठी टेकत आला, माझ्याजवळ बसला. "पुण्याक तू बंदूक मारतंस म्हणतत. खरा?"

"खरा."

"थंय डुकरां आसत?"

"नाय हो. मातयेच्यो तबकडयो."

त्याला ते फारच गमतीचं वाटलं. हसता हसता खोकला आला. मग मामाबद्दल बोलला. माणूस देवासारखा, पण शिकारी म्हणून काही खरा नव्हे; एकदा डुक्कर हातातोंडाशी आलेलं आणि ह्यानं बार काढलाच नाही, मी स्वतः आंब्याखाली होतो. दादानं माझ्याकडे बघितलं. मी पेडावरची धूळ झटकली.

म्हाताऱ्यानं कानावरची बिडी काढली, वाऱ्याला पाठ करून पेटवली आणि मेरेच्या वाटेनं घरी निघाला. मी समोर बसलेल्या मामीशी बोलत होते. ठिपका डावीकडे, बराच वेळ, वरखाली होत गेला.